दोघांची फर्म आणि बर्फाचे मैदान

भागीदारीचे प्रकरण शिकताना पाठ्यपुस्तकांत जी उदाहरणे येतात, त्यांत बहुधा अ, ब आणि क असे तीन भागीदार असतात. ते ३:२:१ या प्रमाणात नफा वाटून घेतात. पुढे क निवृत्त होतो, अ आणि ब नवे प्रमाण ठरवतात, आणि पान उलटावे तो ड नावाचे कोणी नवे गृहस्थ भांडवल घेऊन दारात उभे असतात. दोन वर्षे हे हिशेब सोडवताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. फर्म फक्त दोघांची असेल आणि त्यांतला एक निघून गेला तर काय, याचे उत्तर पुस्तक एका ओळीत देऊन मोकळे होते. एकट्याची भागीदारी असू शकत नाही, म्हणून तेथे निवृत्तीचे प्रकरण लागू पडत नाही. तेथे थेट विसर्जन. या एका ओळीमागे माणसाचे केवढे आयुष्य असू शकते, ते मला एका खेळाडूच्या कारकिर्दीत दिसले. तिचे नाव अल्योना सावचेन्को आणि तिचा खेळ बर्फावरचे जोडीचे फिगर स्केटिंग.

डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याच्या मुलीने बर्फावरच्या खेळावर लिहावे, याचे कोणाला हसू आले तर ते साहजिक आहे. आमच्या गावी बर्फ येतो तो मासळीच्या पेटीतून, बांगड्यांचा वास घेऊन. बेळगावला शिकायला आल्यावर येथली लहान मुले चाकांचे स्केट्स घालून सफाईने पळताना पाहिली, आणि त्यातून बर्फावरच्या स्केटिंगच्या जुन्या स्पर्धा मोबाईलवर पाहण्याचा नाद लागला. 'जोडी' हा शब्द मराठीत आहे तसाच कानडीतही आहे. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांना तो समजावून सांगायला नको. खेळ मात्र थोडा समजावून सांगावा लागेल.

या खेळाचे मैदान म्हणजे ६० मीटर लांब व ३० मीटर रुंद असा कृत्रिम बर्फाचा चौक. त्याला रिंक म्हणतात. स्केटरच्या बुटाखाली जेमतेम ४ मिलिमीटर रुंदीचे पोलादी पाते असते. पात्याच्या मधोमध पन्हळीसारखा खोलगटपणा असल्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात, आणि पुढच्या टोकाला दाते असतात. स्केटर सरळ उभा दिसला तरी तो सहसा कोणत्या तरी एका कडेवर झुकलेला असतो, म्हणूनच त्याची वाट वळणावळणाची होते. जोडीच्या प्रकारात एक पुरुष व एक स्त्री उतरतात. दोघांनी शेजारी शेजारी एकाच क्षणी उड्या मारायच्या, एकाच वेगाने गिरक्या घ्यायच्या, हा झाला सोपा भाग. त्यापुढे पुरुषाने धावत्या गतीत स्त्रीला डोक्यावर हात ताठ होईपर्यंत उचलून धरायचे. तिला वर भिरकावून हवेत तीन फेरे होताच परत झेलायचे. आणि थ्रो नावाच्या प्रकारात तर तिला सरळ फेकून द्यायचे. ती हवेत तीन फेरे घेते आणि कित्येक मीटर अंतरावर एकाच पायाच्या एकाच कडेवर, पाठमोरी उतरते. झेलायला तेथे कोणी नसते.

या सगळ्यांत मला सर्वांत आधी कळला तो डेथ स्पायरल, कारण तो आमच्या चवथीच्या फुगडीचा लांबचा नातेवाईक आहे. फुगडीत दोघी समोरासमोर उभ्या राहून हातांची अढी घालतात, पावले जुळवतात आणि मागे रेलून फिरू लागतात. वेग वाढला की हातांवरची ओढ वाढते. ती ओढच दोघींना उभे ठेवते. एकटी मुलगी तेवढी मागे रेलली तर जागीच पडेल. डेथ स्पायरलमध्ये पुरुष पात्याचे दाते बर्फात रोवून, गुडघा वाकवून खुंटासारखा फिरतो आणि एका हाताने स्त्रीला धरतो. ती एका कडेवर, सारे शरीर बर्फाला जवळजवळ समांतर करून त्याच्याभोवती वर्तुळे काढते. डोके बर्फाच्या इतके जवळ येते की पाहताना श्वास रोखला जातो. फुगडी खेळलेल्या कोणत्याही मुलीला ठाऊक असेल की, एकीशी जमलेली फुगडी दुसरीशी लगेच जमत नाही. उंची वेगळी, रेलण्याचा अंदाज वेगळा, घाबरण्याची वेळ वेगळी. चवथीच्या अंगणात या फरकाने फार तर कोपर खरचटते. तिहेरी फेऱ्याच्या थ्रोमध्ये हाच फरक घोटा मोडायला पुरेसा असतो.

गुण देण्याची पद्धत वाणिज्य शाखेच्या वाचकांना आवडेल अशी आहे. पूर्वी ६.० हा पूर्ण गुण धरून परीक्षक आपापला आकडा देत. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोडीच्याच स्पर्धेत फ्रान्सच्या परीक्षक बाईंवर दबावाखाली मत दिल्याचा आरोप झाला. प्रकरण इतके चिघळले की रशियाच्या जोडीबरोबर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर २००४ पासून नवी पद्धत आली. आता प्रत्येक घटकाला मूळ किंमत ठरलेली असते. नऊ परीक्षक त्यावर अधिक किंवा उणे श्रेणी देतात. सर्वांत वरची व सर्वांत खालची श्रेणी वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. शिवाय एकूण सादरीकरणाचे गुण वेगळे, आणि पडल्याची वजावट वेगळी. आधी छोटा कार्यक्रम, मग मोठा, आणि दोन्हींची बेरीज दोन दशांश स्थळांपर्यंत. अर्थात हे खाते जोडीच्या नावाने असते. कोणी किती कमावले आणि कोणामुळे किती गेले, याचा उतारा त्यातून काढता येत नाही.

सावचेन्कोचा जन्म १९ जानेवारी १९८४ चा, युक्रेनमधील ओबुखिव या कीव शहराजवळच्या गावचा. तेव्हा तो भाग सोव्हिएत संघात होता. तिची पहिली महत्त्वाची जोडी जमली ती स्तानिस्लाव मोरोझोवशी. २००० साली हे दोघे कनिष्ठ गटाचे विश्वविजेते झाले. २००२ च्या ज्या ऑलिंपिकमध्ये वर सांगितलेला गोंधळ झाला, त्याच स्पर्धेत हे दोघे युक्रेनकडून उतरले आणि पंधरावे आले. त्याच वर्षी जोडी मोडली. ती अठरा वर्षांची होती.

येथे थोडे थांबून कायद्याकडे पाहू. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ मध्ये भागीदार निघून गेल्यावर काय काय होते ते नीट सांगितले आहे. कलम ४२ प्रमाणे भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. कलम ४३ प्रमाणे, मुदत न ठरलेली भागीदारी कोणाही एकाच्या लेखी सूचनेने मोडता येते. आणि कलम ३६ तर मला सर्वांत कठोर वाटते: बाहेर पडलेला भागीदार, तसा करार नसेल तर, जुन्या फर्मशी स्पर्धा करणारा धंदा खुशाल सुरू करू शकतो. जोडीच्या स्केटिंगचा इतिहास पाहिला तर ही तिन्ही कलमे तेथे जिवंत सापडतात. एकातेरिना गोर्दियेवा आणि सर्गेई ग्रिन्कोव हे १९८८ व १९९४ चे ऑलिंपिक विजेते, आणि पती-पत्नी. नोव्हेंबर १९९५ मध्ये लेक प्लॅसिड येथे सराव चालू असताना ग्रिन्कोव बर्फावरच कोसळून मरण पावला. वय अवघे २८. त्यानंतर गोर्दियेवा एकटीनेही बर्फावर उतरली, पण त्या जोडीचे काम तेथेच संपले. इरिना रोद्निना हिचे प्रकरण कलम ३६ खाली येईल. तिने १९६९ ते १९७८ सलग दहा विश्वविजेतेपदे मिळवली. पहिली चार अलेक्सी उलानोवबरोबर. मग उलानोव दुसऱ्या जोडीतल्या ल्युदमिला स्मिर्नोवाशी विवाह करून तिच्याबरोबर उतरू लागला आणि रोद्निनाचा प्रतिस्पर्धी झाला. रोद्निनाने अलेक्झांडर झाइत्सेवला घेतले आणि उरलेली सहा विजेतेपदे त्याच्याबरोबर जिंकली. १९७३ साली ब्रातिस्लावाला त्यांचे संगीत मध्येच बंद पडले, तेव्हा या नव्या जोडीने थांबायचे नाकारून उरलेला कार्यक्रम तसाच पूर्ण केला आणि विजेतेपद घेतले.

रोद्निनाच्या मागे एक मोठे राष्ट्र आणि त्याची सारी क्रीडायंत्रणा उभी होती. सावचेन्कोला नवा जोडीदार शोधण्यासाठी देश सोडावा लागला. २००३ मध्ये ती जर्मनीतील केम्निट्स शहरी गेली. तेथे प्रशिक्षक इंगो श्टॉयर यांच्याकडे रॉबिन शोल्कोवी हा स्केटर जोडीदाराविना होता. शोल्कोवी हा पूर्व जर्मनीत जन्मलेला, आई जर्मन, वडील टांझानियाचे. श्टॉयर हे स्वतः १९९७ चे जोडीचे विश्वविजेते. २००४ पासून ही जोडी जर्मनीची विजेती होऊ लागली, आणि २००५ च्या अखेरीस सावचेन्कोला जर्मन नागरिकत्व मिळाले, म्हणजे ऑलिंपिकचा रस्ता मोकळा झाला.

तोच जानेवारी २००६ मध्ये एक जुना कागद उघडकीस आला. श्टॉयर हे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे खबरी होते, हे सिद्ध झाले. जर्मनीच्या ऑलिंपिक समितीने त्यांना ट्यूरिनच्या पथकातून वगळायचे ठरवले. ते न्यायालयात गेले आणि जाण्याची परवानगी मिळवून आले. पुढे सैन्यातले त्यांचे पद गेले आणि सरकारी पैशाचा मार्ग बंद झाला. जोडीपुढे उघड पर्याय होता: प्रशिक्षक बदला. त्यांनी तो स्वीकारला नाही. या निर्णयाबद्दल माझे मन अजून एका बाजूला झुकत नाही. खबऱ्यामुळे ज्यांची आयुष्ये बिघडली असतील, त्यांना या जोडीची निष्ठा कशी दिसली असेल? दुसरीकडे, परक्या देशात नुकते कुठे बस्तान बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीने ज्या माणसाने तिला उभे केले त्याला सोडावे, असे सांगण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. असो. ट्यूरिनला जोडी सहावी आली.

त्यानंतरची आठ वर्षे या फर्मच्या भरभराटीची. २००८, २००९, २०११, २०१२ आणि २०१४ अशी पाच विश्वविजेतेपदे, युरोपची चार. २०१२ ची नीस येथील स्पर्धा त्यांनी केवळ ०.११ गुणांनी जिंकली. परंतु ऑलिंपिकचे सुवर्ण काही हाती येईना. २०१० मध्ये व्हँकुव्हरला शेन श्वे व झाओ होंगबो ही चीनची ज्येष्ठ जोडी पहिली, चीनचीच दुसरी जोडी दुसरी, आणि सावचेन्को-शोल्कोवी तिसरे. २०१४ मध्ये सोची येथे पुन्हा तिसरे. तेथे शेवटी त्यांनी थ्रो तिहेरी अॅक्सल ठेवली होती. ही उडी पुढे तोंड करून घ्यायची असल्याने तीत साडेतीन फेरे होतात, आणि नॉर्वेच्या अॅक्सल पॉल्सनच्या नावाने ती १८८२ पासून ओळखली जाते. सावचेन्को त्या उडीवर पडली.

सोचीला सुवर्ण जिंकले ते तातियाना वोलोसोझार व मक्सिम त्रांकोव यांनी. ही वोलोसोझार कोण? स्तानिस्लाव मोरोझोवची नंतरची जोडीदार. मोरोझोवने २०१० नंतर स्वतः खेळणे थांबवले, तिला त्रांकोवशी जोडी करून दिली असे म्हणता येईल, कारण तो त्या दोघांचा एक प्रशिक्षक झाला. म्हणजे पहिल्या फर्ममधून बाहेर पडलेला भागीदार बारा वर्षांनी सावचेन्कोच्या समोरच्या दुकानात बसला होता. कलम ३६ त्याला पूर्ण मोकळीक देते, आणि खेळाचे नियमही देतात.

मार्च २०१४ मध्ये पाचवे विश्वविजेतेपद मिळवून शोल्कोवी निवृत्त झाला. तो चौतीस वर्षांचा होता, त्याने करायचे ते केले होते, आणि त्याच्या निर्णयात गैर काहीच नव्हते. सावचेन्को तीस वर्षांची होती. पुस्तकाच्या भाषेत सांगायचे तर फर्म विसर्जित झाली, देणी फिटली, आणि मालमत्तेची विभागणी करायची वेळ आली. प्रत्येकाचे स्वतःचे कौशल्य ज्याच्या त्याच्याकडे गेले. नावलौकिक, ज्याला आपण वर्गात गुडविल म्हणतो, त्याचे काय झाले? आणि दहा-अकरा वर्षांत जमलेला तो अंदाज, की तिने कधी रेलायचे आणि त्याने कधी सोडायचे, त्याचे काय? तो एकाकडेही जात नाही. मूर्त मालमत्ता विकता येते, गुडविलचीही किंमत काढता येते. हा अंदाज मात्र विसर्जनाच्या दिवशी शून्य होतो, आणि त्याची नोंद वसुली खात्यात कोठे करावी हे मला आमच्या सरांनाही विचारून पाहावेसे वाटते.

हा प्रश्न मला सुचण्याचे एक घरगुती कारण आहे. माझ्या लहानपणी सुर्ल्यात घरोघरी ट्रक होते. खाणीवरून माल भरायचा, मांडवीकाठच्या जेटीवर ओतायचा. बाबा आणि त्यांचे एक स्नेही यांनी मिळून दोन ट्रक घेतले होते. करार तोंडी, नफा निम्मा निम्मा. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात लागले. काही महिन्यांनी ते काका म्हणाले की आपल्याला यातून मोकळे करा. ते मोकळे झाले. कर्जाचे हप्ते फर्मचे होते, पण बँकेच्या लेखी प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला जबाबदार असतो, हे कलम २५ बाबांनी न वाचताच शिकून घेतले. त्यांनी एक ट्रक विकला आणि खाणी पुन्हा थोड्या सुरू झाल्या तेव्हा दुसरा एकट्याने चालवला. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १५ मार्चनंतर काम थांबवायला सांगितले. आता बाबा एका शाळेची बालरथ बस चालवतात. नवा भागीदार का घेतला नाही, असे मी एकदा त्यांना विचारले होते. ते म्हणाले, "चाळिशीत परत कुणाला ओळखायला लागू?"

सावचेन्कोने तिशीत ते केले. तिने निवडलेला नवा जोडीदार ब्रुनो मासो हा फ्रान्समधल्या काँ शहरचा, तिच्याहून पाच वर्षांनी लहान. त्याच्या नावावर मोठे पदक नव्हते. दोघांनी जर्मनीकडून उतरायचे ठरवले तेव्हा फ्रान्सच्या संघटनेचा ना हरकत दाखला लागणार होता, आणि तो मिळेना. पूर्ण एक मोसम आणि पुढच्याचा काही भाग, ऑक्टोबर २०१५ पर्यंत, या जोडीला आंतरराष्ट्रीय स्पर्धाच खेळता आली नाही. शेवटी तीस हजार युरो मोजल्यावर दाखला हाती आला. त्या काळात त्यांनी सराव चालू ठेवला. प्रशिक्षक म्हणून जर्मनीच्या दक्षिण टोकाला ओबर्स्टडॉर्फ येथे अलेक्झांडर क्योनिग यांना घेतले. उत्पन्न शून्य, खर्च चालू. लेखापालाने अशा फर्मला 'चालू संस्था' म्हणावे का?

दुसरी अट भाषेची. जागतिक स्पर्धेत जोडीतला एक जण त्या देशाचा असला तरी चालते, ऑलिंपिकमध्ये दोघेही त्या देशाचे नागरिक असावे लागतात. त्यासाठी मासोला जर्मन भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हायची होती, आणि तो तीत नापास होत राहिला. हा भाग वाचताना मला तो फार जवळचा वाटला. माझे आजोळ खानापूरकडचे, त्यामुळे कानडी कानावर होती, पण शाळा मराठी माध्यमाची. येथे आल्यावर बसच्या पाट्या आणि कार्यालयातले अर्ज वाचण्यासाठी लिपी अठराव्या वर्षी गिरवली. बोलता येणे आणि परीक्षेच्या कागदावर लिहिता येणे यांत किती अंतर असते, ते आपल्या कॉलेजात निम्म्या मुलांना सांगावे लागणार नाही. तिहेरी फेऱ्याची थ्रो करू शकणारा माणूस विभक्तिप्रत्ययांपुढे हतबल होतो, हे वाचून मला थोडा धीरही आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो उत्तीर्ण झाला आणि जर्मन नागरिक झाला. ऑलिंपिकला तीन महिने उरले होते.

दरम्यान सावचेन्कोच्या वाट्याला काय आले? नोव्हेंबर २०१६ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत थ्रो तिहेरी अॅक्सलवरून उतरताना तिच्या घोट्याचे स्नायुबंध दुखावले. कायद्याच्या कलम १३ नुसार, करारात काही लिहिले नसेल तर नफा-तोटा भागीदारांत समान वाटायचा. बर्फावर गुण आणि पदके अशीच समान वाटली जातात. जोखीम मात्र समान नसते. फेकणारा आणि फेकली जाणारी यांचे धोके सारखे आहेत असे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही. तरी, मासोनेही आपला देश आणि खेळण्याची उमेदीची दोन वर्षे घातली होती, हे हिशेबात धरायला हवे. २०१६ मध्ये या जोडीला जागतिक कांस्य मिळाले, २०१७ मध्ये रौप्य.

१४ फेब्रुवारी २०१८, कोरियातले प्योंगचांग. छोट्या कार्यक्रमात दोघांनी शेजारी शेजारी तिहेरी साल्काव्ह उडी मारायची होती. मासोचे दोनच फेरे झाले. जोडी ७६.५९ गुणांवर चौथी. पहिल्या क्रमांकावरचे चीनचे सुइ वेनजिंग व हान त्सोंग ८२.३९ वर. फरक ५.८० गुणांचा. त्या पातळीवर हा फरक म्हणजे जवळजवळ विसर्जनच.

दुसऱ्या दिवशीचा साडेचार मिनिटांचा कार्यक्रम मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. संगीत आर्मां अमार यांचे, रचना १९८४ चा बर्फनृत्याचा ऑलिंपिक विजेता ख्रिस्तोफर डीन याची. आधी मी उड्या मोजत असे. आता मी हात पाहते. थ्रोच्या आधी त्याची बोटे तिच्या कमरेवर येतात तेव्हा ती खाली पाहत नाही. डेथ स्पायरलला हात पुढे येतो त्या जागी दुसरा हात आधीच असतो. पहिल्या फर्ममध्ये तिने हे शिकले, दुसरीत पुन्हा शिकले, आणि तिसऱ्यांदा, तिशीनंतर, वेगळ्या उंचीच्या आणि वेगळ्या भाषेच्या माणसाबरोबर पुन्हा पहिल्यापासून शिकले. कार्यक्रम संपला तेव्हा ती बर्फावर आडवी झाली. गुण आले १५९.३१, मोठ्या कार्यक्रमाचा तेव्हाचा जागतिक उच्चांक. एकूण २३५.९०. मग थांबणे, कारण आघाडीची चिनी जोडी त्यांच्यानंतर उतरली. त्यांची बेरीज २३५.४७ झाली. फरक ०.४३. पाच ऑलिंपिक, तीन जोडीदार, चौतीस वर्षे वय. क्रम पाहा: पंधरावी, सहावी, तिसरी, तिसरी, पहिली. जर्मनीला जोडीचे ऑलिंपिक सुवर्ण १९५२ नंतर प्रथमच मिळाले.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागून तेव्हा आठ दिवस झाले होते. आमच्या घरी त्या आठवड्यात खेळांच्या बातम्या कोणी पाहत नव्हते. तारखा मी नंतर जुळवल्या.

आपल्या देशात बर्फावरची जोडी मोठ्या स्पर्धेत चमकल्याचे उदाहरण नाही, पण चाकांवरचे आहे. २०१० साली चीनमध्ये ग्वांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत हैदराबादचा अनुपकुमार यामा आणि अवनी पांचाळ यांनी कलात्मक रोलर स्केटिंगच्या जोडी प्रकारात कांस्यपदक मिळवले. यामाने एकेरीतही कांस्य घेतले, आणि २०१५ साठीचा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. मात्र २०१४ च्या आशियाई स्पर्धेत रोलर स्केटिंगच नव्हते, आणि २०१८ मध्ये आले ते फक्त वेगाच्या शर्यतींपुरते. फर्म चांगली आणि माल उत्तम, पण बाजारच उठला, अशी ही अवस्था. आमच्या डिचोलीतल्या ट्रकवाल्यांना ती वेगळी सांगायला नको.

मार्च २०१८ मध्ये मिलान येथे सावचेन्को आणि मासो यांनी २४५.८४ गुणांसह जागतिक विजेतेपद मिळवले. तिचे ते सहावे. त्यानंतर ही जोडी स्पर्धेत उतरली नाही. मासो स्वित्झर्लंडमध्ये ला शो-द-फाँ येथे मुलांना शिकवू लागला. जागतिक स्पर्धेतली तिची एकूण पदके ११ भरतात, आठ शोल्कोवीबरोबरची आणि तीन मासोबरोबरची. मोरोझोवच्या वाट्याला तिच्यासोबतचे २००० सालचे कनिष्ठ गटाचे सुवर्ण तेवढे राहिले.